दहावा शब्द

ऐकायला वेळ असेल तर सांगतो. मी पटर. गोल्फच्या पिशवीत चौदा काठ्या असतात, त्यातला सगळ्यात बुटका. लांबलचक टोले हाणायचं काम बाकीच्या तेरा जणी करतात आणि लोक टाळ्याही त्यांनाच देतात. चेंडू भोकापासून चार हातांवर येऊन थांबला की मग मला बाहेर काढतात. काम हलकं दिसतं, पण सामने तिथेच जिंकले-हरले जातात. एक आधीच बजावतो, मी पोलादाचा आहे. गोडगोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही, आणि सांगायची गोष्टही तशी गोड नाही.

माझा जन्म विलायतेत नाही झाला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गाळ्याबाहेर कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता, त्यात मी पडलो होतो. तिथून मला शमुएल नागावकरने उचललं. देवाला आणि आईला आपण अरेतुरे करतो. मला आई नाही, म्हणून तो मान शमुएलचा. तळोज्याच्या एका कारखान्यात त्याने चौतीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर पनवेलच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याने एक जुनं लेथ मशीन आणून बसवलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंप, कड्या, बिजागऱ्या फुकट दुरुस्त करत बसायचा.

मला मात्र त्याने कुणाचं काम म्हणून केलं नाही. नाथन रोहेकर हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बंदरातल्या मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेला, वीस वर्षं गोल्फ खेळणारा. एकदा शमुएल त्याच्याबरोबर खारघरच्या टेकड्यांमधल्या मैदानावर नुसता बघायला गेला आणि परत येताना म्हणाला, "नाथन, तुझ्या त्या महागड्या पटरचं तोंड एका केसाने वाकडं आहे. तू सरळ मारतोस, तो उजवीकडे ढकलतो. मी देतो तुला करून."

पाय, म्हणजे दांडा, त्या जुन्याचाच ठेवला, डोकं माझं. अडीच महिने शमुएल माझ्यावर कानस घासत होता. रोज थोडं घासायचा, काचेवर ठेवून उजेडात बघायचा, डोकं हलवायचा, पुन्हा घासायचा. त्याची बायको दीना चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "लग्नात माझ्या तोंडाकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतंत." दीनाच्या बांगड्या वाजल्या की कानस थांबायची, तेवढीच मला विश्रांती. क्लबच्या सेक्रेटरीने मला उलटसुलट पाहून नियमात बसतो म्हणून पास केलं, तेव्हा शमुएलने आळीभर पेढे वाटले.

आता माझे मालक, म्हणजे नाथनसाहेब, कसे होते ते सांगतो. नाकासमोर चालणारा माणूस. मोजण्यात पक्का. गोल्फमध्ये पंच नसतो, आपले टोले आपणच मोजायचे आणि कार्डावर लिहून खाली सही करायची. तिथे भले भले गडबडतात. झुडपामागे मारलेले दोन टोले झुडपामागेच राहतात. साहेबांचा एकही टोला कधी असा राहिला नाही. पनवेलमध्येही लोक म्हणायचे, नाथनने मोजलं म्हणजे मोजलं.

ही माणसं बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांचं नवं वर्ष पावसाळा सरता सरता येतं, त्याला ती नव्याचा सण म्हणतात. दर नव्याच्या सणाला साहेब एक लाल पाठीची वही काढत आणि येत्या वर्षात खेळात काय सुधारायचं ते लिहीत. नुसतं लिहीत नसत, पुढे तारीख घालत. तारखेशिवाय ठरवलेली गोष्ट म्हणजे गप्पा, असं त्यांचं म्हणणं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं: हँडिकॅप नऊ. पुढच्या नव्याच्या सणाच्या आत.

हँडिकॅप म्हणजे पट्टीच्या खेळाडूपेक्षा तुम्हाला साधारण किती टोले जास्त लागतात तो आकडा. साहेबांचा तेव्हा तेरा होता. तेरावरून एक आकडी होणं म्हणजे हौशी खेळाडूला आयुष्याचं सार्थक. साहेब सदुसष्टचे. उजवा गुडघा झिजलेला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं. ते सप्टेंबरच्या मध्यावर ठरलं होतं, त्यानंतर वर्षभर मैदान बंद. अडुसष्टाव्या वर्षी लंगडत पुन्हा सुरुवात करून कुणी नऊवर पोचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आत्ता नाही तर कधीच नाही.

लीयाबाई, म्हणजे साहेबांची बायको, कपाळाला हात लावायच्या. "लोक देवाकडे आयुष्य मागतात. हे चार टोले कमी मागतात." साहेबांनी त्यांच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताला नवससुद्धा बोलला होता, नऊ झाला तर मलिदा करीन म्हणून. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, सगळं ताट मांडून, चार माणसं बोलावून. रोज जेवणाआधी दिवाणखान्यात पितळी वाटी आडवी ठेवून ते माझ्याकडून शंभर चेंडू आत घालून घेत. एक चुकला की पुन्हा एकपासून. लीयाबाई आतून ओरडायच्या, "अहो, ती आमटीची वाटी आहे, सोडा आता." पण वाटी सुटायची नाही. खरं सांगतो, मलाही ते आवडायचं. ज्या कामासाठी घासला गेलो ते काम चोख होत होतं. ऑगस्टपर्यंत तेराचे दहा झाले, आणि दहावर घोडं अडलं.

त्याच्या आदल्या वर्षी दीना गेली होती. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर शमुएलच्या शेडमधलं लेथ फारसं फिरत नसे. तिचं वर्ष भरण्याचा दिवस त्यांच्या पंचांगाप्रमाणे ऑगस्टातल्या एका शनिवारी येत होता. त्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये तिच्या नावाने कद्दिश म्हणायची होती. गेलेल्या माणसासाठी म्हणायची ती प्रार्थना. आणि त्याला दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर कद्दिश नाही. सगळे प्रार्थना करतील, पुस्तकं मिटतील, घरी जातील, पण ती एक प्रार्थना तोंडातच राहील.

एके काळी पनवेलमध्ये दहा माणसं गोळा करणं म्हणजे काय मोठं. आता पोरंबाळं इस्राएलात, अश्दोदला, बेरशेबाला. शनिवारी येणारे साहेबांना धरून नऊ. कुणी पाहुणा आला तर दहा. म्हणून शमुएलने ठाण्याच्या एलादला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. तरणाबांड पोरगा, दीनाच्या हातची पुरणपोळी खाऊन वाढलेला. येतो म्हणाला होता. साहेबांनाही शमुएलने विचारलं, "येशील ना?" साहेब म्हणाले, "ही काय विचारायची गोष्ट झाली?"

आणि त्याच आठवड्यात क्लबची सूचना आली. रविवारी मैदान दुसऱ्या कसल्याशा स्पर्धेला दिलं आहे, म्हणून महिन्याचा सामना शनिवारी सकाळी. ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा सामना. साहेबांनी हिशोब मांडला. ब्याऐंशी टोल्यांत संपवलं तर हँडिकॅप नऊ.

शुक्रवारी संध्याकाळी लीयाबाईंनी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावले. साहेब दिवाणखान्यात मला हातात धरून उभे होते. चेंडू मात्र ठेवला नव्हता.

"सांगून टाका क्लबला, जमत नाही म्हणून," लीयाबाई म्हणाल्या.

"एलाद येतोय. तो धरून होतात पूर्ण. माझी गरज नाही. बाराच्या आत मी सरळ शमुएलकडे जेवायला पोचतो."

"नीट मोजलंत का?"

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथे आहे. ही माणसं माणसांना आकड्यांनी मोजत नाहीत. एक, दोन, तीन असं जित्या माणसाला मोजणं बरं नाही, असं मानतात. त्यांच्याकडे धर्मग्रंथातली दहा शब्दांची एक ओळ आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. दहावा शब्द कुणावर तरी पडला की माणसं भरली. आणि म्हणणाऱ्याने सुरुवात स्वतःपासून करायची, पहिला शब्द आपल्या छातीवर. लहानपणापासूनची सवय ती.

साहेबांनी डोळे मिटले. माझं वरचं टोक उचलून आपल्या छातीला लावलं आणि पहिला शब्द म्हटला. मग हवेतच एकेकाकडे वळवत गेले. शमुएल. प्रार्थना चालवणारे हझान. एकामागून एक सगळे म्हातारे. नववा शब्द झाला, आणि दहावा एलाद.

"झाले पूर्ण," ते म्हणाले.

पहिला शब्द ज्या छातीवर पडला होता, ती छाती उद्या खारघरला असणार होती. मला ते कळलं. मीच टेकलो होतो ना तिथे. पण काठीला बोलता येत नाही, आणि जो माणूस वीस वर्षांत एका टोल्याला चुकला नाही, त्याला कोण म्हणणार पुन्हा मोज म्हणून? लीयाबाईंनी मान डोलावली आणि आत गेल्या.

शनिवारी झिमझिम पाऊस होता. क्लबच्या शिस्तीप्रमाणे साहेबांनी फोन बंद करून पिशवीच्या कप्प्यात टाकला. पिशवी उचलायला नेहमीचा आनंदा. ओवे गावचा, पन्नाशीचा, ह्याच टेकड्यांखाली त्याच्या बापाने गुरं चारलेली. कुठल्या उतारावर पाणी कुठे वाहतं हे त्याला डोळे मिटून कळायचं.

साहेब त्या दिवशी असे खेळले की काय सांगू. गुडघा दुखत होता, पण चेहऱ्यावर नाही. चौदाव्या भोकाच्या वाटेवर चेंडू उंच गवतात गेला. साहेबांनी त्यामागे लोखंडी काठी टेकवली आणि थांबले. मग सोबतच्या खेळाडूला हाक मारून म्हणाले, "माझ्या हातून चेंडू हलला. दंडाचा एक टोला माझ्यावर."

आनंदा जवळच उभा होता. तो हळूच म्हणाला, "सायब, कोनी बगितला नाय. मला पन नाय दिसला."

"मला दिसला ना," साहेब म्हणाले आणि कार्डावर लिहिलं. मी पिशवीत होतो. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. आता तोच क्षण आठवला की अंगावर गंज चढल्यासारखं होतं.

त्या एका टोल्यामुळे शेवटच्या भोकावर सहा फुटांवरून चेंडू एका टोल्यात घालणं भाग पडलं. गेला तर ब्याऐंशी, नाहीतर काही नाही. आनंदा खाली बसून म्हणाला, "सरल हाय सायब. पानी दिसतंय पन सरलच हाय." साहेबांनी मला चेंडूमागे ठेवलं. शमुएलने अडीच महिने घासलेलं माझं तोंड तेव्हा अगदी काटकोनात होतं. चेंडू सरळ गेला आणि भोकात पडला.

"आमी बोललो व्हतो," आनंदा म्हणाला, "ह्यो पटर खोटा नाय." साहेबांनी टोपी काढली. डोळे पुसले की पाऊस पुसला, ठाऊक नाही. दोघातिघांनी हात मिळवले, कुणीतरी फोटो काढला. शमुएलकडे जाण्याआधी ओले कपडे बदलायचे म्हणून साहेब घरी आले. मला त्यांनी पिशवीत घातलं नव्हतं, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. मला घेऊनच ते दारातून आत शिरले.

लीयाबाई सिनेगॉगला नेसलेल्या साडीतच खुर्चीवर बसल्या होत्या.

"नऊ," साहेब हसत म्हणाले. "लीया, नऊ झाला."

"हो," लीयाबाई म्हणाल्या. "तिथेही नऊच झाले."

साहेबांना कळेना. "एलाद नाही आला?"

"एलाद सगळ्यांच्या आधी आला. सगळे आले. हझाननी तीनदा ओळ म्हटली, तीनदा शेवटचा शब्द उरला. मला वाटलं सांगावं तुम्ही खारघरला आहात म्हणून, पण शमुएलचं तोंड बघून माझी जीभ उचलेना. तो प्रत्येकाला सांगत होता, थांबा, नाथन येईल, त्याने शब्द दिलाय. साडेअकरापर्यंत थांबले. मग हझाननी पुस्तक मिटलं."

"असं कसं होईल? मी मोजलं होतं."

दिवाणखान्यात तिथेच, ओल्या कपड्यांनी, त्यांनी मला वर उचललं. पहिला शब्द म्हणायला माझं टोक छातीला लावलं आणि ते तिथेच थांबले. दुसरा शब्द आलाच नाही. बराच वेळ माझं टोक त्यांच्या छातीवर होतं आणि आतली धडधड माझ्या पायापर्यंत येत होती. मलिद्यासाठी लीयाबाईंनी आणून ठेवलेल्या पोह्यांची पिशवी ओट्यावर होती, ती त्यांनी उचलून फडताळात ठेवली. तो मलिदा आजवर झालेला नाही.

शब्बाथ संपल्यावर संध्याकाळी साहेब शमुएलकडे गेले. मला बरोबर का घेतलं, त्यांनाच माहीत. आधारासाठी असेल. शमुएल दारातच भेटला. त्याच्या अंगावर सकाळचाच इस्त्रीचा पांढरा सदरा होता.

"शमू, मी स्वतःलाच धरून मोजलं," साहेब म्हणाले.

"मला वाटलंच, असं काहीतरी झालं असेल. तू मुद्दाम करणार नाहीस." शमुएलने माझ्याकडे पाहिलं. "किती आला?"

साहेब म्हणाले, "नऊ."

"पटर नीट चालला?"

साहेबांनी मान डोलावली. शमुएलने मला हातात घेतलं, अंगठा माझ्या तोंडावरून फिरवला, एक चरा होता तो नखाने चाचपला. मग मला परत देऊन म्हणाला, "दीनाचा दिवस पुढल्या वर्षी येईलच. तेव्हा ये." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला शमुएलचा राग आला, न चिडल्याचा. साहेबांचा आला. सगळ्यात जास्त माझा मला आला, इतका सरळ असल्याचा.

पुढलं वर्ष शमुएलला मिळालं नाही. जानेवारीत, शेडमध्ये, लेथच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेला. दफनाला मुंबईहून, ठाण्याहून वीसेक माणसं आली. त्या दिवशी ओळ म्हणायची गरजच पडली नाही. कद्दिश नाथनसाहेबांनी म्हटली. लीयाबाई घरी येऊन म्हणाल्या, त्यांचा आवाज मधेच इतका खाली गेला की हझानना पुढचे शब्द म्हणावे लागले.

पुढे ढकललेलं गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. गुडघा पुरता वाकेना. एके दिवशी साहेबांनी आनंदाला घरी बोलावून पिशवी त्याच्यापुढे ठेवली. आनंदाने काठ्या हाताने चाचपल्या.

"सायब, यात पटर नाय."

"तो राहू दे माझ्याकडे."

"पटरबिगर ह्या तेरा काठ्यांचा काय उपेग हाय?"

"काही नाही, आनंदा. ने तू."

तेव्हापासून मी उलटा झालो आहे. मूठ खाली, डोकं वर. माझं डोकं साहेबांच्या तळहातात असतं आणि मी त्यांची चालायची काठी आहे. उंचीने बरोबर बसतो. शमुएलने गुळगुळीत केलेलं तोंड आता घामाने काळवंडलं आहे.

दर शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी आम्ही दोघं सिनेगॉगला पोचतो. साहेब शमुएलच्या रिकाम्या जागेशेजारी बसतात. त्या दिवसापासून एलाद दर शनिवारी ठाण्याहून येतो, एकदाही चुकला नाही. सगळे जमले की हझान ओळ म्हणायचं काम आता साहेबांनाच देतात. ते मला छातीला लावतात, पहिला शब्द म्हणतात आणि एकेकाकडे वळवतात. शमुएल नाही, एलाद आहे. नऊ शब्द होतात.

यंदा दीनाचा दिवस आला तेव्हा साहेब महिनाभर फोन करत होते. मुंबईचे दोघे येतो म्हणाले होते. एकाला ताप आला, दुसऱ्याच्या मुलीचं विमान त्याच सकाळी होतं. साहेब पांढरा सदरा घालून साडेअकरापर्यंत उभे राहिले, त्या गुडघ्यावर, सगळा भार माझ्यावर टाकून. दारातून एक माणूस आत यावा म्हणून मी लोखंडाच्या जातीने जितकी आशा करता येते तितकी केली. नऊच राहिलो. म्हणजे ते नऊ. मला मोजत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मागच्या नव्याच्या सणाला साहेबांनी खूप दिवसांनी लाल वही काढली. मी खुर्चीला टेकून उभा होतो, मला दिसत होतं. हँडिकॅप नऊ या जुन्या ओळीवर त्यांनी काट मारली नाही, बरोबरची खूणही केली नाही. पान उलटून फक्त एक शब्द लिहिला: दहा. पेन तारखेसाठी बराच वेळ कागदावर टेकलेलं होतं. मग त्यांनी टोपण लावलं.

माझं मागणं फार नाही. पुन्हा हिरवळ नको, चेंडू नको, कौतुक तर नकोच. एवढंच सांगतो, तुम्ही त्यांच्यातले असाल आणि एखाद्या शनिवारी सकाळी पनवेलवरून जात असाल, तर गाडी थांबवून दहा मिनिटं आत या. दाराशी डाव्या हाताला एक म्हातारा पोलादी काठी धरून बसलेला दिसेल. त्याला नाव-गाव सांगायची गरज नाही. त्याच्यासमोर उभे राहा, तो शब्द त्याच्याकडे तयार आहे.